बारावीनंतर कलेकडे वळणाऱ्यांची शिष्यवृत्ती : दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : बारावीनंतर चित्र, शिल्प, संगीत, नृत्य व नाट्य यांचे पदवी शिक्षण घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती

महोदय,

‘कला’ हा शब्द महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवस्थेत दोन अर्थांनी वावरतो. बारावीच्या गुणपत्रिकेवरची कला शाखा म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि भाषा. कला संचालनालयाच्या नावातली कला म्हणजे चित्र, शिल्प आणि उपयोजित कला. संगीत, नृत्य आणि नाट्य यांचा संसार आणखी तिसरीकडे, विद्यापीठांचे ललित कला विभाग आणि सांस्कृतिक कार्य खाते यांच्यात वाटलेला आहे. शिष्यवृत्तीच्या योजनाही अशाच वाटल्या गेल्या आहेत. प्रत्येक योजना आपापल्या जागी ठीक आहे. पण बारावी होऊन चित्रकार, गायक, नर्तक किंवा नट व्हायला निघालेला सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी या योजनांच्या मधल्या सांध्यात सापडतो. हा सांधा नेमका कुठे आहे, तो का पडला आणि कसा बुजवता येईल, एवढाच या पत्राचा विषय आहे.

कलेकडे जाणाऱ्या वाटा

चित्रकलेची वाट शाळेतच सुरू होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांना राज्यभरातील शाळांमधून मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय. इंटरमीजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुण वाढवून मिळतात. बारावीनंतर बी.एफ.ए. या चार वर्षांच्या पदवीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यातही हाताचे काम आणि सामान्य ज्ञान अशा दोन्ही बाजू तपासल्या जातात. या वाटेवरचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय, म्हणजेच जे.जे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ते १८५७ मध्ये सुरू झाले. राज्यातले कलाशिक्षण जन्मापासूनच देणगीवर उभे आहे.

संगीत आणि नृत्याची वाट घरातून किंवा गुरूच्या बैठकीतून निघते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देत देत विद्यार्थी बारावीपर्यंत मध्यमा किंवा त्याच्या पुढे पोचलेला असतो. त्यानंतर पदवी घ्यायची तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारखी मोजकी ठिकाणे आहेत. तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही विषयांची पदवी गुरुकुल पद्धतीने घेता येते.

तिसरी वाट लोककलावंतांच्या घरातून जाते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डहाणू परिसरातल्या वारली घरांत चित्र शिकवण्यासाठी वर्ग लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच घरच्या विद्येवर. तमाशाच्या फडात किंवा दशावतारी मंडळात वाढलेल्या मुलाकडे वीस नाटकांची तोंडपाठ तालीम असते, पण प्रमाणपत्र एकही नसते.

खर्च कुठे होतो

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मोठा खर्च शुल्कात असतो. कलेच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. शासकीय कला महाविद्यालयाचे शुल्क तुलनेने कमी आहे. पैसा जातो तो साहित्यात. चित्रकलेला इम्पिरियल आकाराचे कागद, कॅनव्हास, तैलरंग आणि ब्रश लागतात. शिल्पाला माती, प्लॅस्टर आणि साचे. मुद्राचित्रणाला जस्ताचे पत्रे आणि शाई. उपयोजित कलेला संगणक, त्यावर चालणारी सॉफ्टवेअर आणि दर सत्राच्या सबमिशनची छपाई. बिघडलेले काम पुन्हा करायचे म्हणजे साहित्य पुन्हा विकत आणायचे. हा खर्च चारही वर्षे चालतो आणि शुल्काच्या पावतीवर तो दिसत नाही.

गाणाऱ्याला तानपुरा आणि तबल्याची साथ लागते. नृत्याच्या विद्यार्थिनीला घुंगरू आणि पोशाख लागतात, शिवाय दर परीक्षेला साथीदारांचे मानधन द्यावे लागते. पदवीच्या वर्गाबाहेर स्वतंत्र गुरूकडे शिकणे हा या क्षेत्रात चैनीचा भाग नसून शिक्षणाचाच भाग आहे. गुरू पुण्यात आणि विद्यार्थी लातूरचा असेल तर खोलीचे भाडे आणि मेस यांचीही भर पडते.

यात वेळेचाही हिशेब आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ परंपरेने महाराष्ट्रातल्या हजारो मुलांचे शिक्षण तारले. पण कलेच्या विद्यार्थ्याला ती वाट अर्धीच उघडी असते. स्टुडिओचे प्रात्यक्षिक दिवसभर चालते, नाटकाच्या तालमी संध्याकाळी असतात आणि रियाज पहाटे व्हावा लागतो. कमवायला जे तास उरतात, ते हाताच्या किंवा गळ्याच्या तयारीतून काढून घेतलेले असतात.

आजच्या योजना, वयाच्या क्रमाने

पहिली योजना सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची. १९८२ पासून चालू असलेल्या या केंद्रीय योजनेत १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांना कला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. दरवर्षी देशभरात ६५० शिष्यवृत्त्या, वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूला दिलेल्या शुल्कापोटी ९,००० रुपयांपर्यंत परतफेड असे तिचे स्वरूप आहे. एकदा निवड झाली की वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ती चालू राहू शकते. योजना दूरदृष्टीची आहे, पण तिचे दार चौदाव्या वर्षी बंद होते. ज्या मुलीला आपला गळा पंधराव्या वर्षी कळला, तिला पुन्हा ते उघडत नाही. शिवाय ३,६०० रुपये म्हणजे महिन्याला ३००.

दुसरी योजना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची. वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि बारावीच्या निकालात आपापल्या मंडळाच्या ८०व्या शततमकाच्या वर असणे ही अट. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांमध्ये या शिष्यवृत्त्या ३:२:१ अशा वाटल्या जातात. म्हणजे सहा शिष्यवृत्त्यांपैकी कला शाखेच्या वाट्याला एक येते, आणि तीही लेखी गुणांवर. चित्रकाराचा हात किंवा नर्तकीचे पदन्यास यांचा तिच्याशी संबंध नाही. पदविकेच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेतली तर हिच्यावर पाणी सोडावे लागते.

तिसरा गट राज्याच्या योजनांचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे आणि कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांनाही ती लागू आहे. २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. सांस्कृतिक कार्य विभागाची पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाची शास्त्रीय संगीत युवा शिष्यवृत्तीही आहे, पण ती एका विषयापुरती आणि मोजक्या विद्यार्थ्यांपुरती.

चौथी योजना केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची, तरुण कलावंतांसाठीची. १८ ते २५ वयोगटातल्या ४०० जणांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि निवड तज्ज्ञांसमोरच्या सादरीकरणावर होते. कलेची पारख कलेवरच करणारी ही योजना आहे. तिची मुख्य अट अशी की अर्जदाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे. ही अट तयार कलावंतासाठी योग्य आहे. पण बारावीनंतर प्रथमच शिस्तशीर शिक्षणाकडे येणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पदवीची चार वर्षे असताना ही मदत दोनच वर्षे मिळते, हीही तिची मर्यादा आहे.

चार अडचणी

या योजना शेजारी शेजारी मांडल्या की चार अडचणी वेगळ्या दिसतात. पहिली वयाची : चौदाव्या वर्षी एक दार बंद होते, अठराव्या वर्षी दुसरे उघडते, आणि पदवीचा निर्णय बहुतेकांना या दोहोंच्या मध्ये घ्यावा लागतो. दुसरी मोजमापाची : ज्या योजनांचा पैसा मोठा आहे त्या बारावीचे गुण आणि उत्पन्न पाहतात, विद्यार्थ्याचे काम पाहत नाहीत. तिसरी खर्चाच्या शीर्षाची : राज्याची मदत शुल्क आणि निवास यांवर आहे, कागद, रंग, साथसंगत आणि गुरुदक्षिणा यांना शीर्षच नाही. चौथी वेळेची : मंजूर झालेला पैसा वेळेवर हातात येत नाही, आणि ही अडचण सर्वांत जुनी आहे.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचेच उदाहरण घ्या. ते नागपूरच्या कला विद्यालयात १९३९ ते १९४३ शिकले. पुढे जे.जे.मध्ये शिकण्यासाठी त्यांना मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ‘चले जाव’ आंदोलनानंतरच्या धामधुमीत ती जाहीर व्हायला उशीर झाला. रझा मुंबईला पोचले तेव्हा प्रवेश संपले होते आणि शिष्यवृत्ती परत गेली. सरकारने देऊ केलेली अकोल्याची चित्रकला शिक्षकाची नोकरी त्यांनी नाकारली. मुंबईत एका ब्लॉक स्टुडिओत काम करत ते चित्रे काढत राहिले आणि नंतर जे.जे.तही शिकले. १९५० मध्ये मिळालेली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मात्र वेळेवर आली. तिच्यावर ते पॅरिसला गेले आणि पुढची सहा दशके फ्रान्समध्येच राहिले. मंजूर झालेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांच्यातले अंतर एखाद्या रझाला पार करता येते. त्याच वर्षी त्याच कारणाने किती जण परतले, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आजही क्रम तोच आहे. आधी प्रवेश घ्यायचा, मग अर्ज करायचा, मग महाविद्यालयाची पडताळणी, विभागाची मंजुरी आणि त्यानंतर आधारशी जोडलेल्या खात्यात हप्ता. ज्या घरात सुरुवातीचा पैसाच नाही, त्या घरातल्या मुलाला नंतर मिळणाऱ्या परतफेडीच्या भरवशावर मुंबई-पुण्याचा प्रवेश घेता येत नाही.

जुनी उदाहरणे आणि परदेशी पद्धत

राज्याची मुख्य शुल्क योजना ज्यांच्या नावाने चालते, त्या शाहू महाराजांनी मदतीचा अर्थ शुल्कापेक्षा मोठा घेतला होता. १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. चित्रकार आबालाल रहिमान त्यांच्या दरबारी होते आणि उस्ताद अल्लादिया खाँ त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. विद्यार्थ्याला छप्पर लागते आणि कलावंताला निश्चिंत वेळ लागतो, हे त्या कारभारात गृहीत होते.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण घेतले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. निवडक शिष्यांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी तेच घेत, आणि त्यासाठी जलशांचे उत्पन्न वापरत. त्यांच्या मुंबईतल्या विद्यालयाची इमारत पुढे कर्जापायी गेली. एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली मदत त्या माणसाच्या ताकदीएवढीच टिकते, हा या इतिहासाचा दुसरा भाग आहे. संस्थानिक गेले, तेव्हा ते काम शासनाकडेच यायला हवे होते.

शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या कलाविद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था कशी असते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. १९२३ पासूनचे स्कॉलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स आणि १९८१ मध्ये स्थापन झालेली यंगआर्ट्स ही संस्था शाळकरी मुलांचे काम मागवतात. यंगआर्ट्सची स्पर्धा १५ ते १८ वयोगटासाठी आहे. दृश्यकला, संगीत, नृत्य, नाट्य, लेखन अशा विषयांत परीक्षक अर्जदाराचे नाव न पाहता काम तपासतात आणि रोख पुरस्कार १०,००० डॉलरपर्यंत जातो. तिथले महाविद्यालयीन शुल्क इतके मोठे आहे की या रकमेने सगळा प्रश्न सुटत नाही, आणि पैशाचा मोठा वाटा खासगी देणग्यांचा असतो. ती व्यवस्था जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण दोन गोष्टी घेता येतील : निवड कामावरून व्हावी आणि ती शाळा संपण्याआधी व्हावी.

योजनेचा आराखडा

महाराष्ट्रात अशी योजना उभी करण्यासाठी नवे खाते किंवा नवी परीक्षा लागत नाही. आराखडा पुढीलप्रमाणे असू शकतो.

१. पात्रता : बारावीत शिकत असलेला किंवा त्याच वर्षी उत्तीर्ण झालेला, कोणत्याही शाखेचा राज्यातील विद्यार्थी. उत्पन्नमर्यादा शाहू योजनेप्रमाणेच आठ लाख, म्हणजे एकच दाखला दोन्हीकडे चालेल.

२. निवड : चित्र व शिल्पासाठी कामांचा संच आणि समोर बसून काढलेले एक चित्र, संगीत, नृत्य व नाट्यासाठी ध्वनिचित्रफीत आणि नंतर विभागीय ठिकाणी प्रत्यक्ष सादरीकरण. ग्रेड परीक्षेची श्रेणी किंवा गांधर्वची परीक्षा यांचे गुण जोडावेत, पण त्या नसल्या म्हणून अर्ज बाद होऊ नये.

३. लोककला : घरच्या परंपरेत शिकलेल्यांसाठी वेगळा वाटा असावा. तिथे प्रमाणपत्राऐवजी सादरीकरण आणि ग्रामसभेचा किंवा फडाचा, मंडळाचा दाखला पुरेसा मानावा.

४. वेळ : अर्ज नोव्हेंबरमध्ये, निवड मार्चपर्यंत. निवड झालेल्याला प्रवेशाआधी मंजुरीपत्र मिळावे आणि पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात जमा व्हावा.

५. रक्कम : केंद्राच्या तरुण कलावंत योजनेचा दर, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, वर्षाला ६०,०००. ती साहित्य, गुरूचे शुल्क आणि साथसंगत यांसाठी असावी आणि शुल्क वा वसतिगृहाच्या योजनांचा लाभ घेतल्यामुळे ती अडवली जाऊ नये.

६. मुदत : पदवी संपेपर्यंत. दर वर्षी नूतनीकरण उपस्थिती आणि केलेल्या कामाच्या नोंदीवर व्हावे, टक्केवारीवर नव्हे.

७. संख्या : जिल्हावार. ३६ जिल्ह्यांतून प्रत्येकी दहा धरले तर दरवर्षी ३६० विद्यार्थी होतात. पहिल्या वर्षीचा खर्च २ कोटी १६ लाख रुपये. चार वर्षांच्या चारही तुकड्या भरल्यावर १,४४० विद्यार्थी आणि वर्षाला ८ कोटी ६४ लाख.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की कामावरून निवड म्हणजे वशिल्याला वाव. गुणपत्रिका निर्जीव असते, परीक्षक माणसे असतात, हे खरेच आहे. पण केंद्राच्या दोन्ही सांस्कृतिक योजना सादरीकरणावर किंवा प्रत्यक्ष चाचणीवर चालतात, आणि ग्रेड परीक्षांची तपासणीही नावाशिवाय, क्रमांकावरच होते. अर्जावरचे नाव झाकणे, परीक्षक दुसऱ्या विभागातून आणणे आणि निवड झालेली कामे जाहीर प्रदर्शनात मांडणे, एवढ्याने हा आक्षेप बऱ्याच अंशी निवतो.

दुसरा आक्षेप : तयार संच मागितला तर क्लास लावलेली शहरी मुले पुढे जातील. म्हणूनच समोर बसून काढलेले चित्र आणि जिल्हावार संख्या या दोन अटी आराखड्यात आहेत. गडचिरोलीच्या विद्यार्थिनीची तुलना गडचिरोलीतल्याच मुलांशी होईल, दादरच्या क्लासशी नाही.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. कला शिकून पुढे काय, हा प्रश्न घराघरात विचारला जातो. उपयोजित कलेचे पदवीधर जाहिरात, ॲनिमेशन, प्रकाशन आणि वस्तुरचना यांत काम करतात. शाळांना चित्रकला, संगीत आणि नृत्याचे शिक्षक लागतात. मराठी रंगभूमी, चित्रपट आणि मालिका यांचा सारा डोलारा याच शिक्षणावर उभा आहे. शिष्यवृत्तीचा हेतू नोकरीची हमी देणे नसतो. शिकण्याची इच्छा आणि कुवत असलेला विद्यार्थी केवळ पैशाअभावी मागे फिरू नये, एवढाच असतो.

अंमलबजावणी

योजना दोन खात्यांच्या हद्दीवर असल्यामुळे ती कोणाची, हा प्रश्न आधी सुटायला हवा. दृश्यकलांची निवड कला संचालनालयाकडे, प्रयोगकला व लोककलांची सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे आणि पैशाचे वितरण दोन्हींसाठी महाडीबीटीवरून, अशी वाटणी सोयीची आहे. त्यासाठी दोन्ही विभागांचा एक संयुक्त शासन निर्णय आणि महाडीबीटीवर एक स्वतंत्र अर्ज लागेल. योजनेची माहिती कनिष्ठ महाविद्यालयांइतकीच शाळांतल्या चित्रकला शिक्षकांपर्यंत आणि गांधर्वच्या परीक्षा केंद्रांपर्यंत पोचली पाहिजे, कारण मुलाचा कल प्रथम त्यांनाच कळतो. येत्या बारावीच्या तुकडीला तिचा लाभ व्हायचा असेल, तर शासन निर्णय दिवाळीआधी निघणे आवश्यक आहे.

कळावे.

प्रत माहितीसाठी :
मा. संचालक, कला संचालनालय, मुंबई
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई